थांबायचा हात

माझ्या थोरल्या मावशीचा उजवा हात आमच्या सगळ्या गोतावळ्यात प्रसिद्ध होता. मान न वळवता, कानाच्या उंचीवर, बोटं जुळवून ती तळवा समोर धरायची आणि समोरचं माणूस थांबायचं. गिऱ्हाईक उगाच पाल्हाळ लावू लागलं की तळवा. जेवताना तिच्या नवऱ्यानं, म्हणजे काकांनी, एखादी जुनी गोष्ट उकरून काढली की तळवा. टेलिफोनवर बोलतानासुद्धा तिचा हात वर जायचा. काका म्हणायचे, पलीकडचा माणूसही थांबत असणार, तारेतूनही दिसतो हिचा हात.

हा हात तिला लहानपणीच लागला. बहिणी तीन. थोरली, मधली म्हणजे माझी आई, आणि धाकटी. धाकटीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. घरातली मोठी माणसं दिवसभर कामावर, त्यामुळे धाकटीला घेऊन दुकानात जाणं, शाळेत नेणं, आल्यागेल्याला तिच्याबद्दल सांगणं हे सगळं थोरलीकडं आलं. धाकटीचं तोंड म्हणजे थोरली, असंच ठरून गेलं. लोक प्रश्न धाकटीला विचारायचे आणि बघायचे थोरलीकडं.

धाकटीला काही सांगायचं असलं की ती शेजारच्याच्या पावलावर आपलं पाऊल दोनदा हलकेच ठेवायची. बाही ओढली तर धपाटा मिळायचा, म्हणून तिनं ही युक्ती काढली होती. थोरलीच्या पावलावर असे दोन ठोके पडले की थोरली तळवा दाखवायची. थांब, आधी मला बोलू दे. धाकटी थांबायची. थोरलीचं बोलणं संपायचं, लोक उठून जायचे, दुकानदार पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळायचा, आणि धाकटी आपली थांबलेलीच.

"तिचं बोलणं बाहेर यायच्या आत मला कळतं," असं थोरली मावशी अभिमानानं सांगायची.

"म्हणूनच ते कधी बाहेर आलं नाही," असं माझी आई म्हणायची, पण मावशीच्या पाठीमागं.

एक साधी गोष्ट सांगते. थोरलीच्या घरी धाकटी नेहमी बिनसाखरेचा चहा प्यायची. थोरलीनं तसं जाहीरच केलं होतं, तिला गोड चालत नाही. आमच्याकडं आली की धाकटी मावशी आधी साखरेचा डबा जवळ ओढून घ्यायची. दोन चमचे घालायची, माझ्याकडं बघायची, आणि तिसरा घालायची.

पुढं धाकटीला एका छापखान्याच्या बाइंडिंग खात्यात नोकरी लागली. यंत्रांच्या गदारोळात बाकीच्यांचे कान किटायचे, तिचं काही बिघडत नव्हतं. तिनं छापखान्यामागं एक खोली घेतली. थोरलीला ते अजिबात पसंत नव्हतं, पण धाकटीनं या बाबतीत पाऊलही ठोकलं नाही आणि थांबलीही नाही. सरळ सामान बांधलं. कागदाच्या गोदामात तिला एक तपकिरी पिल्लू सापडलं, एक कान उभा आणि एक मोडलेला. त्याला तिनं वाढवलं. एवढ्याशा खोलीत, फरशीवर छापील कागदांचे गठ्ठे रचलेले असताना, त्या कुत्र्यानं कधी एक थेंब सांडला नाही. आम्ही कौतुक करायचो, तर धाकटी मावशी खांदे उडवायची. त्यात काय एवढं?

मग धाकटी पोटाच्या दुखण्यानं गेली. दुखणं उशिरा कळलं.

कुत्र्याचं काय करायचं हा प्रश्न निघाला तेव्हा माझ्या आईनं त्याला आमच्याकडं न्यायची तयारी दाखवली. थोरलीचा तळवा वर गेला. म्हणाली, धाकटीची शेवटची इच्छा होती त्याला मी सांभाळावं अशी. काकांनी विचारलं, ही इच्छा तिनं कधी सांगितली. "तुम्हाला नाही कळायचं," मावशी म्हणाली, "आमचं आमचं बोलणं असतं." तिथं विषय संपला.

थोरली मावशी पडदे शिवायची. साधेसुधे नव्हेत. सभागृहांचे, हॉटेलांच्या दर्शनी खोल्यांचे, छतापासून जमिनीपर्यंत उतरणारे. तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या घराची पुढची खोली म्हणजे कारखानाच. एका भिंतीला लांब मेज, त्यावर मोटार लावलेलं मशीन, खाली पायडल. दुसऱ्या भिंतीला कापडाचे तागे उभे. पडद्याला चुण्या घालणं, अस्तर लावणं, आणि पडदा सरळ पडावा म्हणून खालच्या मुडपीत शिशाच्या चपट्या गोळ्या शिवणं यात तिचा हात धरणारा कुणी नव्हता. तयार पडदे दाराजवळच्या दांडीला टांगलेले असत आणि त्यांच्या मुडपी जमिनीवर लोळत असत. काका लिफ्ट चालवून निवृत्त झाले होते. आयुष्यभर लोकांना वरखाली केलं, आता खुर्चीतून उठताना स्वतःलाच खालीवर करता येत नाही, असं ते म्हणायचे. त्यांचा खुबा गेला होता.

पहिले काही दिवस कुत्रा अगदी गुणी वागला. मावशीनं तेव्हा मशीनला हात लावला नव्हता. डोळे पुसायची, आणि उठून त्याला खाली फिरवून आणायची. दिवसात कितीदा तरी. माणसं भेटायला यायची, त्यांना सांगायची, बघा, माझ्याजवळ कसा शांत झालाय. मी धाकटीची बहीण आहे हे त्याला कळतं.

मग कामं परत सुरू झाली, आणि कुत्रा घरात करायला लागला.

पहिल्यांदा मेजाच्या पायाशी. मावशीनं पुसून घेतलं, म्हणाली, दुःखात आहे बिचारा. दुसऱ्यांदा दाराजवळ. तिसऱ्यांदाही दाराजवळ. तोपर्यंत त्याला 'साहेब' हे नाव पडलं होतं, कारण ऐटीत समोर बसायचा आणि हाक मारली तर ढिम्म हलायचा नाही. मी गेले की दार उघडता उघडता काका बातमी द्यायचे, "जपून ये. साहेबांनी सही केलीय."

मावशीनं मग मोहीमच उघडली. फिनेल झालं, व्हिनेगर झालं. कुणीतरी सांगितलं म्हणून दाराजवळ वर्तमानपत्रं अंथरली. कुत्रा त्या कागदांना वळसा घालून बसायचा. छापलेल्या कागदावर पाय ठेवायचा नाही हे त्याला धाकटीनं शिकवलेलं होतं. मावशी म्हणाली, बघ, किती आखडू आहे. पाणी कमी करून पाहिलं. सकाळ-संध्याकाळ फिरवायची वेळ घड्याळ लावून ठरवली. त्यानं तर गोष्ट आणखीच बिघडली. खाली नेलं की तो काही करायचाच नाही, आणि वर येऊन दार लागलं की करायचा.

"मुद्दाम करतो," मावशी म्हणाली. "खाली अर्धा-अर्धा तास उभी असते मी."

ते खरं होतं. मी एकदा बरोबर होते. खाली फाटकापाशी आम्हाला तळमजल्यावरची बाई भेटली आणि मावशी बोलत उभी राहिली. कुत्र्यानं पुढचा पाय तिच्या पावलावर ठेवला. उचलला, परत ठेवला. मावशीनं बोलता बोलता त्याला तळवा दाखवला. कुत्रा बसला. ते बोलणं पाण्याच्या टाकीवरून सुरू होऊन कुणाच्या तरी सुनेवर संपलं, आणि आम्ही वर आलो.

शेवटी ती त्याला प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली. मी आणि काकाही होतो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी कुत्र्याला टेबलावर घेतलं, त्याच्या पोटावरून हात फिरवला आणि त्यालाच विचारलं, "काय रे, काय होतंय तुला?"

"त्याला काही होत नाहीये," मावशी म्हणाली. "हट्टीपणा आहे नुसता."

"मी त्याला विचारलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

काका भिंतीवरचा तक्ता फार लक्ष देऊन वाचायला लागले.

लघवी तपासून झाली, मूत्रपिंड बघून झालं. खडा नाही, सूज नाही. काका म्हणाले, घरातल्या दोन म्हाताऱ्या पुरुषांत यालाच बरं प्रशस्तिपत्र मिळालं. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं की चांगली सवय असलेला मोठा कुत्रा एकाएकी घरात करायला लागला तर एक तर त्याला दुखत असतं, किंवा तो घाबरलेला असतो, नाहीतर तो सांगत असतो आणि कुणाच्या ध्यानात येत नाही. दुखत नाहीये हे तर बघितलं. मग मारू नका, ओरडू नका. करताना दिसला तर तसाच बाहेर न्या, मागाहून दिसलं तर मुकाट्यानं पुसा. आणि चार दिवस त्याच्याकडं नुसतं बघत बसा.

"डॉक्टर," मावशी म्हणाली, "न बोलणाऱ्या माणसाचं बोलणं मी जन्मभर लोकांना सांगत आले. हा काही सांगत असता तर ते मला कळलं असतं."

 डॉक्टरीणबाईंनी पुढच्या मांजराला आत बोलावलं.

बघत बसायला मावशीला फुरसत नव्हती. एका मोठ्या सभागृहाचं काम आलं होतं. हिरवं जड कापड, सगळं एकाच वेळी रंगवून आणलेलं, आणि त्या रंगाचं आणखी मिळायचं नाही असं देणाऱ्यानं बजावून सांगितलं होतं. त्याच सुमारास एके दिवशी सकाळी काका दाराजवळच्या ओल्यावरून घसरले. हाड मोडलं नाही, पण दुखऱ्या खुब्यावरच आपटले आणि तेव्हापासून काठी आली. मावशीनं त्या दिवशी कुत्र्याला मानेला धरून ओल्यापाशी नेलं आणि त्याचं नाक फरशीला घासलं. तो केकाटला नाही. सोडल्यावर सरळ बसला आणि तिच्या हाताकडं बघत राहिला.

तोंडाकडं तो कधी बघायचाच नाही. हाताकडं बघायचा.

"नजर चुकवतो बघ," मावशी मला म्हणाली. "मनात चोर आहे."

"तू मारशील म्हणून बघतोय हाताकडं," काका म्हणाले. "मी पण तेच करतो."

पडद्यावरची सही झाली ती दुपारी, माझ्या समोर. मी मेजाच्या टोकाला हूक लावत बसले होते. मावशी अस्तर जोडत होती. मशीन धडधडत होतं. कुत्रा उठून आला आणि त्यानं पायडलवरच्या तिच्या पावलावर पंजा ठेवला. एकदा, दोनदा. मावशीनं शिवणीवरची नजर न काढता तळवा धरला. कुत्रा बसला. खूप वेळ बसला. त्याच्या मागच्या पायांना कंप सुटला तेव्हा मला वाटलं, मशीनमुळं फरशी हलतेय. थोड्या वेळानं त्यानं पुन्हा पंजा ठेवला, पुन्हा तळवा. मग तो बसल्या बसल्याच दाराकडं सरकला, उभाही न राहता, आणि हिरव्या पडद्याच्या मुडपीवर सगळं सोडून दिलं.

मावशीनं मशीन बंद केलं. ओरडली नाही. तिनं मुडप उचलली, पिळली, आणि शिशाच्या गोळ्या एकमेकींवर वाजल्या.

"मी हरले असं म्हणायचं नाही कुणी," ती म्हणाली. "तो बिघडलेला आहे. मुळातच. धाकटीनं त्याला वळण लावलंच नव्हतं, सांगत नव्हती इतकंच."

वेशीबाहेरच्या एका गोदामाच्या राखणदाराला कुत्रा हवा होता. साखळीला बांधलेला, रात्री भुंकणारा. काकांनी तिला आठवण दिली की हा भुंकत नाही. भुंकायला लागेल, मावशी म्हणाली. काका म्हणाले, "मी पडलो त्यात त्याचा दोष नाही, माझ्या पायांचा आहे. माझ्यासाठी त्याला घालवू नकोस." मावशीचा हात वर गेला. राखणदार दुसऱ्या दिवशी येणार असं ठरलं. आईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, माझ्याकडं दे. मावशी म्हणाली, जे मला जमलं नाही ते तुला जमणार आहे का? आईकडं कुत्रा गेला असता आणि नीट राहिला असता, तर ते मावशीला सोसवलं नसतं. साखळी परवडली.

राखणदार यायचा त्या सकाळी घंटा वाजली ती मात्र धाकटीच्या मैत्रिणीची. छापखान्यात दोघी समोरासमोर बसून छापील कागदांना घड्या घालायच्या. हिला लहानपणी तापानंतर ऐकू येईनासं झालं होतं, पण बोलता यायचं. आवाज मोठा आणि एकसुरी, आणि बोलणाऱ्याच्या ओठांवर टक लावलेली. धाकटीचा कामावरचा ॲप्रन आणि कागदाला घडी घालायची तिची हाडाची पट्टी कप्प्यात राहिली होती, ती द्यायला आली होती. सारखी बोटं फिरून पट्टीची एक कड झिजून पातळ झाली होती.

कुत्र्यानं तिला पाहिलं. ती खाली बसली आणि तो तिच्या पोटात डोकं घालून उभा राहिला, शेपूटही न हलवता.

"याला काय म्हणता तुम्ही?" तिनं विचारलं.

"साहेब," काका म्हणाले.

"याला नाव आहे." तिनं तर्जनी कानाजवळ नेऊन मोडली, मोडलेल्या कानासारखी. कुत्र्यानं लगेच मान वर केली. घरात इतक्या दिवसांत त्याला कुणी त्याच्या नावानं हाक मारली नव्हती हे तेव्हा आमच्या लक्षात आलं.

मावशीनं ॲप्रन घडी घालून बाजूला ठेवला, हातातलं एवढं संपवते म्हणून मशीनवर बसली आणि तिथूनच कुत्र्याचा पाढा वाचायला लागली. सह्या, फिनेल, काकांचा खुबा, हिरवा पडदा. मैत्रिणीला ओठ दिसावेत म्हणून मधूनमधून तिच्याकडं वळायची, म्हणजे हे तिला माहीत होतं, करताही येत होतं. बोलणं चालू असताना कुत्रा उठला, मावशीच्या पावलापाशी गेला आणि त्यानं पंजा दोनदा ठेवला. मावशीचा तळवा वर गेला. कुत्रा बसला.

मैत्रीण पुढं झुकली.

"मग सोडा की त्याला."

"कशाला सोडू?"

"त्याला बाहेर जायचंय. त्यानं विचारलं, तुम्ही थांब म्हणालात. तो थांबलाय. आता सोडा."

"मी काही म्हणाले नाही त्याला."

मैत्रिणीनं आपला उजवा तळवा कानाच्या उंचीवर धरला, बोटं जुळवून. नक्कल इतकी हुबेहूब होती की काकांना हसू आलं आणि त्यांनी ते गिळलं.

"हे म्हणालात," मैत्रीण म्हणाली. "हा तुमचाच हात आहे, ताई. हा पिल्लू होता, थांबायचं याला जमत नव्हतं. तर ती मला म्हणाली, याला ताईचा हात शिकवते. मी त्या हातापुढं लहानपणापासून थांबतेय, हापण थांबेल."

मशीन थांबलं होतं. खालच्या रस्त्यावर कुणीतरी लोखंडी शटर वर ढकललं.

"पण तिच्याकडं दुसरा हातपण होता." मैत्रिणीनं मूठ मिटली आणि हळूच उघडली, बोटं दाराच्या दिशेनं, मुठीतलं पाखरू सोडावं तशी. "आधी हा, मग हा. थांब, आणि मग जा. तुम्ही पहिलाच करता. दुसरा करत नाही. तो बसून राहतो, त्याला आवरत नाही तोवर."

"तर मग तू कर की," मावशी म्हणाली. "तुला येतो ना."

"माझा चालणार नाही. आमच्याकडं कागद कापायचं यंत्र आहे. ज्यानं थांबवलं त्यानंच चालू करायचं, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. नाहीतर कुणाची तरी बोटं जातात. तिनं यालापण तोच नियम लावला होता. ज्यानं थांबवलं त्यानंच सोडायचं."

कुत्रा मावशीच्या हाताकडं बघत बसला होता. मागचे पाय थरथरायला लागले होते. मशीन बंद होतं, त्यामुळे या खेपेला फरशीला दोष देता येत नव्हता.

"हे तिनं मला कधी सांगितलं नाही," मावशी म्हणाली. "मला सगळं सांगायची ती. हे सांगितलं असतं."

"सांगत होती," काका म्हणाले.

"कधी?"

"दवाखान्यातसुद्धा सांगत होती."

मावशीनं काकांकडं बघितलं. काकांनी काठी दोन्ही हातांत धरली होती आणि ते जमिनीशी बोलत असल्यासारखे बोलत होते. पहिल्यांदा दुखायला लागलं तेव्हा तिघं गेले होते. डॉक्टरांनी धाकटीला विचारलं, कुठं दुखतं, आणि थोरलीकडं बघितलं. थोरलीनं सांगितलं, पित्त आहे, लहानपणापासूनचं, वेळेवर जेवत नाही. धाकटीनं टेबलाखालून थोरलीच्या पावलावर पाऊल ठेवलं. दोनदा. थोरलीनं तळवा दाखवला. डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. उठता उठता धाकटीनं पुन्हा पाऊल ठेवलं होतं. एक हात तिनं पोटावर नाही, पाठीशी धरला होता. दुसऱ्या दवाखान्यात नेलं तोवर उशीर झाला होता.

"मी बाजूलाच होतो," काका म्हणाले. "मला पाय दिसत होते. मी काय केलं? मीही थांबलो. तुझा हात वर होता."

"पित्तच होतं तिला." मावशीचा आवाज नेहमीसारखाच होता, ठाम. "लहानपणापासून होतं."

 मैत्रीण एकदा मावशीच्या ओठांकडं, एकदा काकांच्या ओठांकडं बघत होती. जे बघायचं ते तिनं बघितलं होतं.

"कुत्रा मी नेते," ती म्हणाली. "माझी खोली तिच्याच शेजारी आहे. त्याला जिना माहीत आहे."

"त्याला इथंच राहायचंय." मावशीचा हात पुन्हा कानापाशी गेला. "मला माहीत आहे त्याचं. धाकटीनं त्याला माझ्याकडं..."

"विचारलंस त्याला?" काका म्हणाले.

कुत्रा बसलेला होता. उठायला गेला होता, पण हात दिसला आणि परत टेकला. त्याच्याखाली फरशीवर एक थेंब पडला. त्यानं मान खाली घालून तो थेंब पाहिला आणि अंग आक्रसून घेतलं.

"आधी त्याला सोड," काका म्हणाले. "मग काय भांडायचं ते भांड."

मावशीनं हात खाली घेतला. मूठ मिटली. हजारो चुण्या घातलेला तो हात, पण ही एक साधी हालचाल त्याला येईना. पहिल्यांदा बोटं झटक्यानं उघडली, हाकलल्यासारखी. कुत्रा हलला नाही. मैत्रिणीनं समोरून पुन्हा करून दाखवलं, सावकाश. मावशीनं परत मूठ मिटली आणि या वेळी एकेक बोट उघडलं, दाराकडं.

कुत्रा उठला. मावशीकडं न बघता दाराशी गेला. मैत्रिणीनं कडी काढली आणि दोघं जिन्यावरून उतरले.

काका काठी टेकत खिडकीशी गेले. मीही गेले. खाली दिव्याच्या खांबापाशी कुत्रा पाय वर करून उभा होता. मैत्रीण शेजारी, तोंड फिरवून, अगदी घाई नसल्यासारखी.

"अजून चाललंय," काका म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "केवढं दाबून धरलं होतं बघ."

मावशी आमच्या मागं येऊन उभी राहिली. खाली मैत्रिणीनं वर बघितलं. रस्त्यावर गाड्यांचा गोंगाट होता. तिनं तोंड उघडलं नाही, हातांनीच काही विचारलं. एक बोट कुत्र्याकडं, एक वर आमच्याकडं, मग दोन्ही तळवे असे एकमेकांसमोर फिरवले, आणि भुवया उंचावून उत्तराची वाट बघत उभी राहिली.

"काय विचारतेय ती?" काकांनी मावशीला विचारलं. "वर आणू का म्हणतेय, की नेऊ का म्हणतेय? की आणखी काही?"

मावशी खिडकीचा गज धरून खाली बघत होती. तिचा उजवा हात गजावरून निघाला, कानापर्यंत जाऊ लागला आणि अर्ध्यावरूनच परत गजावर आला.

"माहीत नाही," ती म्हणाली.

हे दोन शब्द मी तिच्या तोंडून त्याआधी कधी ऐकले नव्हते. खाली मैत्रीण अजून थांबली होती. तिनं तोच प्रश्न पुन्हा एकदा केला, तेच हात, आणि आम्ही तिघं खिडकीत नुसते उभे. मग तिनं हात खाली घेतले, तर्जनी कानाजवळ मोडली, आणि कुत्रा तिच्यामागून रस्ता ओलांडून गेला.

दुपारी राखणदार साखळी घेऊन आला. त्याच्याशी काका बोलले.